आस्थापनेवर नसलेले अण्णा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे माणूस गेला की तो चांगला होता यावर एकमत व्हायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पुढच्या गोष्टींना. फोटो कोणता घ्यायचा, हार केवढ्याचा आणायचा, सभा जेवणाच्या सुट्टीत घ्यायची की पाचनंतर, आधी कोण बोलणार, आणि दोन मिनिटं संपली हे कोणी जाहीर करायचं! ही शेवटची अडचण तर फार मोठी आहे. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची प्रथा पहिल्या महायुद्धानंतर, ११ नोव्हेंबर १९१९ पासून, ब्रिटिश साम्राज्यात रूढ झाली. आपल्याकडे ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं पाळतात, तेव्हा जिथं भोंगा असतो तिथं भोंगा वाजतो. कचेरीत भोंगा नसतो. सगळे माना खाली घालून उभे असतात आणि साहेब डोळ्यांच्या कोपऱ्यातून घड्याळ बघत असतात. मी अशा पुष्कळ सभांना उभा राहिलो आहे. मनातल्या मनात आकडे मोजून सांगतो, आपल्या कचेऱ्यांतली दोन मिनिटं साधारण पन्नास सेकंदांत उरकतात.

आज सांगणार आहे ती श्रद्धांजली मात्र चौदा महिने चालली.

वैराग हे सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं, बार्शी तालुक्यातलं मोठं बाजारगाव. संतनाथ महाराजांचं गाव. आसपासच्या खेड्यांतली माणसं खत-बियाणं, लग्नाचा बस्ता, दवाखाना, तालुक्याला जाणारी एसटी, सगळ्यासाठी इथंच येतात. गावाचं नाव वैराग असलं तरी इथल्या व्यवहारात वैराग्य शोधायला जाऊ नका. इथला माणूस चहाची उधारीसुद्धा वहीत लिहून ठेवतो. गोष्ट आहे वीसएक वर्षांपूर्वीची. तेव्हा वैरागला ग्रामपंचायत होती, नगरपंचायत पुढं झाली. मी तिथल्या एका संस्थेच्या शाखेत रोजकीर्द लिहायला होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. पैसे ठेवून घेणारी आणि कर्ज देणारी संस्था, एवढं पुरे.

आमच्या शाखेत मॅनेजर धरून सात माणसं. आठवे अण्णा. पण अण्णा आठवे होते की नव्हते, याच प्रश्नावर पुढं सगळं घोडं अडलं. अण्णा पिग्मीचे पैसे गोळा करायचे. म्हणजे रोज दुकानादुकानांतून फिरायचं, कुणाकडून पाच, कुणाकडून दहा, कुणाकडून पन्नास घ्यायचे, पावती द्यायची, कार्डावर मांडायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत भरणा करायचा. गोळा झालेल्या रकमेवर शेकडा तीन कमिशन. पगार नाही, खुर्ची नाही, रजा नाही.

ही पिग्मी आली कर्नाटकातून. उडुपीला १९२५ साली एक छोटी बँक निघाली, तीच पुढं सिंडिकेट बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. तिथल्या टी. एम. ए. पै यांनी १९२८ साली ही योजना काढली. रोज दोन आणे देणारा माणूस बँकेच्या पायऱ्या चढत नाही, तर बँकेनं त्याच्या ओट्यावर जावं, असा साधा विचार. खेड्यापाड्यांत, बाजारपेठांत ही योजना अशी रुजली की पिग्मी हा शब्द मूळ कुठला, याचा विचार कोणी करत नाही. आमच्याकडे तर ‘पिग्मीवाले आले’ म्हणायचीही गरज नव्हती. ‘अण्णा आले’ म्हटलं की पेटीत हात जायचा.

अण्णांचा रस्ता ठरलेला. दुपारी चारला मोटार स्टँडपासून सुरुवात, मग हॉटेलं, सायकलचं दुकान, पेठेतले कापडवाले, बांगड्यांची दुकानं, पुढं देवळाकडं, आणि परत येताना पानटपऱ्या. चहावाल्याकडं गर्दीच्या वेळी जायचं नाही, न्हाव्याकडं सोमवारी जायचं नाही, आणि कुणाची भवानी झाली नसेल तर तोंड उघडायचं नाही, हे त्यांचे नियम. दुकानदार नुसता कपाळाला हात लावून बसलेला दिसला तर अण्णा म्हणायचे, ‘‘बसा की निवांत, उद्या दोन दिवसाचे द्या.’’ आणि त्याच्या नावावर त्या दिवशीचे पाच रुपये स्वतःच्या खिशातून टाकायचे, म्हणजे कार्डात खंड पडू नये. नियमात हे बसत नव्हतं. मॅनेजर साहेबांना ते ठाऊक होतं आणि ते नेमके त्या वेळी खिडकीबाहेर बघायचे.

शाखेत अण्णा बसायचे ते खिडकीजवळच्या बाकावर. सव्वीस वर्षं तोच बाक. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तकं, एक डायरी आणि रबराच्या गाठी मारलेली चिल्लर. शनिवारी ते भजी आणायचे. शिपाई आजारी असला तर शटर उघडायचे. कॅशिअरची मुलगी बारावीला असताना तिला परीक्षेला सायकलवरून कोणी सोडलं, तर अण्णांनी. शाखेत नवा माणूस बदलून आला की त्याला खोली बघून द्यायची, गवळी लावून द्यायचा, हीसुद्धा त्यांचीच कामं. त्याचं कमिशन नव्हतं.

एका रात्री छातीत कळ आली आणि बार्शीच्या दवाखान्यात नेईपर्यंत अण्णा गेले.

सकाळी मातीला सगळं गाव होतं. पेठेतली दुकानं कोणी न सांगता बंद झाली. आता शाखा बंद ठेवायची की नाही? मॅनेजर साहेबांनी मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडून विचारलं, ‘‘कर्मचारी क्रमांक काय?’’ साहेब म्हणाले, ‘‘क्रमांक नाही, ते पिग्मी प्रतिनिधी.’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘मग शाखा चालू ठेवा.’’ शाखा चालू राहिली. आत सातजण होते आणि एकही गिऱ्हाईक आलं नाही, कारण गिऱ्हाईक सगळं मातीला गेलं होतं. शेवटी साहेबांनी शिपायाला शाखेत बसवलं आणि बाकीचे सहाजण ‘वसुलीसाठी बाहेर’ अशी नोंद करून स्मशानाकडं गेलो.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, वहिनी शाखेत आल्या. बरोबर थोरला मुलगा. हातात ती कापडी पिशवी. त्या म्हणाल्या, ‘‘मालकांनी त्या दिवशी गोळा केल्यालं हाय. आम्ही हात लावला न्हाई. मोजून घ्या.’’ कॅशिअरनं पिशवी टेबलावर उपडी केली. नोटा, चिल्लर, पावत्यांची स्थळप्रत. मी पावत्या वाचत गेलो आणि तो मोजत गेला. सगळी शाखा भोवती उभी. पावत्यांची बेरीज आणि पैसे जुळले, रुपयाला रुपया. मग भरण्याची स्लिप भरायला घेतली आणि गाडी अडली. स्लिपवर खाली जागा असते, ‘भरणा करणाराची सही’. प्रतिनिधीचा भरणा प्रतिनिधीनंच करायचा असतो. कॅशिअर नियमाचा माणूस, वाईट नव्हे, पण नियमाचा. तो पेन हातात धरून नुसता बसला. वहिनींनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ कुणालाच सांगता येईना. शेवटी साहेबांनी स्लिप ओढून घेतली, वहिनींपुढं ठेवली आणि म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही करा.’’ त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर लावून सही केली. ती स्लिप मी त्या दिवशीच्या गठ्ठ्यात टाचली. संस्थेच्या दप्तरात अण्णांच्या घरच्या माणसाची ती पहिली सही.

त्यानंतर सुरू झाला श्रद्धांजलीचा कार्यक्रम.

पहिला प्रश्न फोटोचा. अण्णांचा एकट्याचा फोटो घरातही नव्हता. शाखेत एक ग्रुप फोटो होता, नोव्हेंबरातल्या सहकार सप्ताहात काढलेला. त्यात अण्णा एका कडेला, हातात पेढ्यांचा बॉक्स. तो फोटो बार्शीच्या स्टुडिओत दिला. त्या काळात स्टुडिओवाल्यांकडं कॉम्प्युटर नवीन आले होते आणि गेलेल्या माणसाला कोट चढवण्याची मोठी हौस होती. आठ दिवसांनी फ्रेम आली. निळी पार्श्वभूमी, काळा कोट, लाल टाय आणि त्यावर अण्णांचा चेहरा. डाव्या खांद्यावर चार बोटं राहून गेली होती, शेजारी उभ्या असलेल्या वसुली अधिकाऱ्याची. अधिकारी म्हणाले, ‘‘राहू द्या, आठवण आहे.’’ वहिनींना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि मुलाला विचारलं, ‘‘हे कोण रं?’’

दुसरा प्रश्न फोटोखालच्या पट्टीचा, आणि खरं महाभारत इथं घडलं. आम्ही लिहून दिलं होतं, ‘आमचे ज्येष्ठ सहकारी कै. अण्णा’. सोबत दुखवट्याचा ठराव करून मुख्य कचेरीला पाठवला. ठरावात नेहमीचीच भाषा, संस्थेची कधीही भरून न येणारी हानी वगैरे. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मला ते तोंडपाठ आहे, कारण आवक रजिस्टरला मीच चढवलं. ‘सदर इसम संस्थेच्या आस्थापनेवर नसल्याने त्यांचा उल्लेख सहकारी, कर्मचारी अथवा सेवक असा करण्यात येऊ नये. तसेच शाखेच्या दर्शनी भागात तसबीर लावणेपूर्वी मजकुरास मंजुरी घेणेत यावी.’

सहकारी संस्थेत सहकारी या शब्दाला बंदी! आम्ही हसलो. पण साहेब हसले नाहीत, त्यांना आतली गोम माहीत होती.

ती अशी. पिग्मी गोळा करणारा माणूस बँकेचा नोकर की बाहेरचा दलाल, हा वाद देशात फार जुना. बँका म्हणायच्या, याला कामाचे तास नाहीत, हा दुसरा धंदाही करू शकतो, याला मिळतं ते कमिशन, वेतन नव्हे. गोळा करणारे म्हणायचे, पावतीपुस्तक तुमचं, नियम तुमचे, रोजचा हिशेब तुम्हाला, मग आम्ही कोणाचे? १९८० साली केंद्र सरकारनं हा वाद हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडं सोपवला. १९८८ च्या निवाड्यात किमान ठरावीक रक्कम, प्रवासभत्ता आणि सेवेच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांच्या कमिशनाइतकी ग्रॅच्युइटी द्यायला सांगितलं. बँका वर गेल्या. उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही माणसं कामगारच आहेत आणि कमिशन म्हणजे कामावर अवलंबून असलेलं वेतनच. वीस वर्षं लागली एवढं ठरायला. ज्यानं पहिल्या वर्षी पिशवी खांद्याला लावली होती त्याच्या पोराच्या मिशा पिकायला आल्या असतील.

आमची संस्था काही त्या खटल्यात नव्हती. तो बँकांचा खटला. पण मुख्य कचेरीतल्या कायदा सल्लागारांनी निकाल वाचला होता आणि त्यांनी धसका घेतला होता. भिंतीवर ‘आमचे सहकारी’ अशी पट्टी लागली, तिचा कोणी फोटो काढला आणि उद्या कोर्टात दिला तर? एका पट्टीपायी सगळ्या शाखांतले पन्नास-साठ पिग्मीवाले दारात उभे राहतील! म्हणून शब्दांची चाळणी सुरू झाली. आम्ही ‘ज्येष्ठ प्रतिनिधी’ सुचवलं. प्रतिनिधी म्हणजे संस्थेतर्फे काम करणारा असा अर्थ निघतो, म्हणून नामंजूर. ‘संस्थेच्या परिवारातील’ सुचवलं. परिवार शब्दावर सल्लागारांनी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं. शेवटी वरून मंजूर मजकूर आला, ‘संस्थेचे हितचिंतक’.

हितचिंतक! सव्वीस वर्षं रोज सहा-सात मैल चालणारा माणूस, हितचिंतक. दिवाळीला कॅलेंडर नेतो तोही हितचिंतकच. शिपाई म्हणाला, ‘‘साहेब, आसं लिवायचं आसंल तर फोटो घरी देऊ.’’ साहेबांनी फ्रेम कपाटाच्या मागं भिंतीकडं तोंड करून ठेवली. लाल टाय बांधलेले अण्णा तिथं चार महिने भिंतीकडं बघत उभे होते. कपाटातून कागद काढताना आम्ही नकळत ‘‘जरा सरका अण्णा’’ म्हणायचो.

इकडं गाव थांबलेलं नव्हतं. व्यापाऱ्यांनी स्टँडवर डिजिटल लावलं. ‘वैरागची चालती-बोलती बँक हरपली’. मधोमध अण्णा, सुपारीएवढे. भोवतीनं शोकाकुल मंडळी, मोजून तेवीस, प्रत्येकाचा फोटो अण्णांपेक्षा मोठा आणि दोघांच्या डोळ्यांवर गॉगल. त्या तेवीसांत आमचे तीन थकबाकीदार होते. वसुली अधिकारी रोज सकाळी त्या डिजिटलसमोर उभे राहून म्हणायचे, ‘‘नोटीस घ्यायला हे सापडत नाहीत, शोकाला बरे सापडले.’’

व्यापाऱ्यांनी देवळाच्या मंडपात शोकसभा घेतली. आम्ही सगळे हजर, पण प्रेक्षक म्हणून. साहेबांना बोलायला बोलावलं तेव्हा ते खिशातल्या मंजूर मजकुरावर हात ठेवून ‘‘मी काय बोलू’’ एवढंच म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, साहेबांना गहिवरून आलं.

प्रमुख वक्ते म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांची आणि अण्णांची ओळख नव्हती. त्यांनी सरळ डॉक्टर कोटणीसांवर भाषण सुरू केलं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे. बाकीचे परत आले, हे तिथंच राहिले. डोंगरात, लढाईच्या धामधुमीत जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. चीननं त्यांचा पुतळा उभारला. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्या माणसांना आवर्जून भेटत. मुख्याध्यापक रंगात आले होते. वीस मिनिटं झाली, अण्णांचं नाव नाही. मागं कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात एक कापडवाले उठले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, बरं सांगितलं तुम्ही. चीनवाल्यांनी सोलापूरच्या माणसाला आपला म्हणला. आन् आमच्या संस्थेला वैरागचा माणूस आपला म्हणवंना व्हय?’’

मंडप शांत झाला. हितचिंतक शब्दाची बातमी पेठेत पोहोचली होती तर! कोणी पोहोचवली ते मी सांगणार नाही. शिपायाला चहा आणायला दिवसातून चार वेळा पेठेत जावं लागायचं, एवढंच सांगतो.

आता वहिनींकडं वळतो, कारण या सगळ्या गंमतीत त्यांचा प्रश्न जागच्या जागी होता. प्रतिनिधीच्या कमिशनातून दरमहा थोडी रक्कम अनामत म्हणून कापून ठेवत. सव्वीस वर्षांची ती अनामत संस्थेकडं. ती परत मिळायला अर्ज, वारस दाखला, प्रतिज्ञापत्र. नामनिर्देशनाच्या कागदावर नाव निघालं अण्णांच्या आईचं. लग्नाआधी भरलेला कागद, आई वारून पंधरा वर्षं झालेली. वहिनी वैरागवरून बार्शीला, बार्शीवरून मुख्य कचेरीला खेपा घालत होत्या. एसटीच्या तिकिटाचे पैसे धरले तर अनामतीतला बराच भाग त्यातच गेला असता.

आमच्या शाखेनं त्यांच्यासाठी काय केलं? वर्गणी काढली. स्मरणार्थ काय द्यावं यावर तीन बैठका झाल्या. एकजण म्हणाला भिंतीवरचं घड्याळ, दुसरा म्हणाला पाण्याचा कूलर, तिसरा म्हणाला अण्णांच्या बाकावर नाव घालू. बाकावर नाव घातलं तर त्यावर कोणी बसायचं नाही का, मग नवा बाक कुठल्या खर्चातून, असा प्रश्न निघाला आणि बैठक तहकूब झाली. तिसऱ्या बैठकीला वहिनी योगायोगानं आल्या होत्या, बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पिशवीतून डायरी काढली. म्हणाल्या, ‘‘ह्यात मालकांनी लिवून ठेवलंय कुणाच्या नावावर सोताचे कितीदा टाकले. मला ते पैसं नकोत. पर त्यांच्या कार्डात आन् तुमच्या वहीत मेळ हाय का तेवढं बघा. उद्या कुणी म्हणाया नको.’’

आम्ही दोन रविवार बसून मेळ घातला. मी डायरी वाचत होतो, कॅशिअर खतावणी बघत होता. एकशे बेचाळीस खाती. मेळ बसला. डायरीत समासात बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘पोरीचं लग्न, विचारू नये.’ ‘दवाखाना, आठ दिवस थांबणे.’ ‘दारू सुटली, पुन्हा सुरू.’ म्हणजे खातं पुन्हा सुरू. कॅशिअरनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, ‘‘कर्ज देताना आपण एवढं बघतो का हो?’’

पुढची हालचाल पेठेनं केली. मुदत संपलेली खाती एकेक जण बंद करायला लागला. नवीन खातं उघडा म्हटलं की म्हणायचे, ‘‘अण्णांचं देणं दिलं का?’’ मोर्चा नाही, निवेदन नाही. काउंटरवर कार्ड ठेवायचं, पैसे मोजून घ्यायचे आणि तेवढं एक वाक्य विचारायचं. दोन महिन्यांत शाखेच्या ठेवी खाली आल्या आणि मुख्य कचेरीतून, पत्र नव्हे, गाडीच आली.

कायदा सल्लागारही आले होते. कागद बघितले, साहेबांशी दार लावून बोलले आणि तोडगा निघाला. अनामत व्याजासह. आणि ‘विशेष बाब म्हणून, कोणताही पायंडा न पाडता’ एक सानुग्रह रक्कम. ती कशी काढायची हे मला हिशेबाला दिलं. सूत्र होतं, सेवेच्या, चुकलो, ‘सहवासाच्या’ दर वर्षामागं पंधरा दिवसांचं कमिशन. म्हणजे न्यायाधिकरणानं १९८८ साली ग्रॅच्युइटी म्हणून जे सूत्र दिलं तेच, अक्षर न बदलता. फक्त तिकडं तो हक्क होता, इकडं अनुग्रह झाला. मला आजही हे पटलेलं नाही. रकमेत फरक नसताना शब्दात एवढी कंजुषी कशासाठी करायची? पण वहिनींना चेक मिळाला, मुलाचं आयटीआय पुरं झालं, एवढं खरं.

हा शब्दांचा खेळ काही वैरागपुरता नाही आणि जुनाही झालेला नाही. आज घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाला कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात अशा मुलांना निदान गिग कामगार म्हणून वेगळं नाव आणि सामाजिक सुरक्षेत जागा दिली आहे. कर्मचारी मात्र अजून म्हटलेलं नाही.

राहिली फोटोची पट्टी. गाडी परत गेल्यावर साहेबांनी गावातल्या पेंटरला बोलावलं आणि मंजूर मजकुराची चिठ्ठी दिली. हा पेंटर अण्णांच्या एकशे बेचाळीसांतला एक, डायरीत ‘पावसाळ्यात काम नाही, दिवाळीपर्यंत थांबणे’ असा नोंदलेला. त्यानं चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि फ्रेम घरी घेऊन गेला. दोन दिवसांनी आणली तेव्हा खाली पट्टीवर दोनच शब्द होते, ‘आमचे अण्णा’. शिवाय त्यानं आपल्या मनानं लाल टाय पांढऱ्या रंगानं पुसून सदऱ्याची बटणं काढली होती. खांद्यावरची चार बोटं तशीच होती. ती काढायची का म्हणून त्यानं विचारलं, तर वसुली अधिकारी नको म्हणाले.

पट्टी मंजुरीसाठी पाठवावी की नाही यावर साहेबांनी थोडा विचार केला. त्यात सहकारी शब्द नव्हता, कर्मचारी नव्हता, सेवक नव्हता. फोटो लागला, बाकाच्या बरोबर वर. वर्गणीचे पैसे उरले होते त्यातून पेढे आणले. दोन मिनिटं उभे राहिलो. या खेपेला घड्याळ कोणी बघितलं नाही, त्यामुळं किती वेळ झाला ते सांगता येत नाही. बाहेर बार्शीची गाडी लागली आणि कंडक्टरनं बेल मारली तेव्हा आम्ही खाली बसलो.

महिन्याभरानं अण्णांच्या रस्त्यावर नवा मुलगा आला. चुणचुणीत, शिकलेला, कॅल्क्युलेटर घेऊन फिरणारा. पहिल्याच दिवशी तो दुपारी दीडलाच पेठेत गेला आणि बांगडीवाल्या मावशींपुढं पावतीपुस्तक उघडून उभा राहिला. मावशींची भवानी व्हायची होती. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘आधी जा, शाखेत फोटो हाय, त्यो बघून ये.’’ तो आला, फोटो बघितला आणि मला विचारू लागला की यात नेमकं काय बघायचं आहे. मी त्याला बाकावर बसवलं आणि कपाटातून डायरी काढली.